चालत्या खोलीचे दोन आरसे

कोकणातून घाटावर जाऊन आलेल्या माणसाने परत येऊन काय सांगायचं, तर तिकडची वांगी, तिकडची ज्वारी, तिकडची थंडी. तेही सांगेन. पण आधी हे सांगते, की पाटणच्या पुढे आम्ही माझ्या सासूबाईंना रस्त्यात सांडलं आणि दीड मैल पुढे जाऊन मजेत चहा प्यायलो.

खोटं वाटतं ना? मलाही अजून वाटतं.

सासूबाई गेल्या श्रावणात चिपळूणला आमच्या न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून त्या खाटेवर. फार तर उशा लावून टेकून बसता येतं. पडल्यापासून त्यांचा एकच धोशा, "मला एकदा भावाकडं न्या." भाऊ म्हणजे माझे मामेसासरे. आष्ट्याच्या जवळ उसाच्या रानात त्यांची वस्ती आहे. लष्करात गाड्या चालवून पेन्शनीत आलेला माणूस. बावीस वर्षं भावाबहिणीची भेट नव्हती. भांडण होतं एवढंच मला ठाऊक, आणि ते जमिनीवरून असणार असं मी आपलं धरून चालले होते. घाटावरची माणसं, दुसरं कशावरून भांडणार?

आता खाटेवरच्या माणसाला एस.टी.त कसं घालणार? आमचे हे लाकडाच्या गिरणीत फोरमन. ह्यांनी डोक्यात घेतलं की खाटच चालवायची. दोन महिने खपून ह्यांनी दोन चाकांवर एक खोली बांधली. ऐनाच्या लाकडाच्या फळ्या, वर पत्रा, दोन्ही बाजूंना एकेक खिडकी, मागे दार, आत स्क्रूने बसवलेली खाट, स्टोव्ह आणि पाण्याचा हंडा. ही खोली ओढायला मित्राची जुनी पिकअप आणली. ती एरवी मासळी वाहायची. फिनेलने तीनदा धुतली तरी सुक्या बोंबलाचा वास काही गेला नाही. सगळी आळी हसत होती. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

पाटणच्या पुढे

दिवाळीच्या सुट्टीत निघालो. मी शाळेत मास्तरीण, मोकळी तेव्हाच; त्यात घरची भाऊबीज उरकल्याशिवाय निघता येईना. सासूबाई म्हणाल्या, "चुकली तर चुकू दे. तुळशीच्या लग्नापतोर चालती भाऊबीज." जवळ ओवाळणीचं ताट, सुपाऱ्या, कुंकवाचा करंडा, सगळं उशाशी बांधून घेतलं होतं.

कुंभार्ली घाट चढताना मी रामरक्षा तीनदा म्हटली. घाटमाथ्यावर गार वारा लागला आणि बघता बघता मुलुख पालटला. आमचा चिरा गेला, लाल माती गेली. काळीभोर रानं सुरू झाली, आणि ऊस. एवढा ऊस मी जन्मात पाहिला नव्हता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भिंत. पाटण मागे पडलं तशी मी ह्यांना म्हटलं, जरा थांबू या, आईंना चहा देऊ.

एका झाडाखाली टपरी होती. थांबलो. ह्यांनी आणि मी आधी आपला घेतला (हे मी आजवर सासूबाईंना सांगितलेलं नाही), मग मी तिसरा पेला भरून मागे गेले. मागे कोणी नव्हतं! म्हणजे खोलीच नव्हती! नुसती पिकअप, आणि तिच्या मागे मोकळा डांबरी रस्ता. मी पेला हातात धरून उभी. 

"अहो," मी शेवटी म्हटलं, "आई कुठायत?"

हे आले, बघितलं, आणि ह्या गृहस्थाने काय करावं? पिकअपच्या खाली वाकून पाहिलं! खोली गाडीखाली सापडायला ती काय मांजर होती?

कशी गाडी वळवली आणि कसे परत गेलो ते आठवत नाही. दीड मैलावर, रस्त्याच्या कडेला, भुईमुगाच्या रानाला लागून आमची खोली नाक टेकून उभी होती. भोवती शेंगा काढणाऱ्या बाया. सासूबाई खाटेवर उशाकडे घसरलेल्या, पण दोन बायांनी आत चढून त्यांना पाठीमागून धरलेलं, आणि ह्या आरामात ओल्या शेंगा खात होत्या.  मी तिथेच बांधावर बसले आणि हुंदका आला तो आलाच.

"रडतीस कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं पोचलो."

खोली गाडीला जोडायला एक जाड खिळा होता. तो निसटू नये म्हणून त्याच्या टोकाला एक काटा अडकवतात. तो काटा कुठे होता? आमच्या फोरमनसाहेबांच्या शर्टाच्या खिशात! कुंभार्ली घाट आम्ही तसाच चढून आलो होतो. घाटात निसटली असती तर? मी ह्यांना जे काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

पण खरा धक्का पुढेच होता. त्या बायांत एक थोराड बाई होती. आमच्याकडे अनोळखी माणसाला कोणी एवढं विचारत नाही. तिथे सरळ जमिनीत फतकल मारून विचारपूस.

"कुठं निगालासा, आज्जी?"

"भावाकडं. आष्ट्याला. पर त्यो माझं तोंड बघायचा न्हाई."

"का वं?"

"देवाची आण घेतलीया त्यानं. बावीस वर्सं झाली. त्याची पोरगी ह्या माझ्या लेकाला द्यायची ठरल्याली. म्याच शब्द दिलेला. मामाची पोरगी, हक्काची. ह्यानं केली का? न्हाई. ही कोकणातली मास्तरीण करून आला."

आणि त्या सगळ्याजणी वळल्या. मातीच्या हातांनी, हातात शेंगांचे वेल घेऊन, मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळत राहिल्या.

"हीच व्हय ती?" थोराड बाई म्हणाली.

बावीस वर्षं! बावीस वर्षं मी त्या घरात नांदते, दोन मुलं वाढवली, सासूबाईंचं हगणंमुतणं काढते, आणि माझ्यामुळे ह्या बाईचं माहेर तुटलं हे मला एका भुईमुगाच्या बांधावर कळलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खिळा ठोकत होते.

"तुला सांगायचं राहून गेलं," हे म्हणाले.

राहून गेलं! दळण आणायचं राहून जातं माणसाचं.

कऱ्हाड

गाडीला आरसा नव्हता असं नाही. तळहाताएवढा एक होता. त्यात ह्यांना स्वतःचा कान आणि त्यामागे ऐनाची फळी दिसायची. खोली गाडीपेक्षा दोन्ही बाजूंनी रुंद, मग दिसणार काय? बांधावरच्या बायांनी आपल्या बैलाच्या गळ्यातली एक घंटा सोडून दिली. तिची दोरी खोलीच्या पुढच्या फटीतून आत घेतली, घंटा आमच्या डोक्याशी आणि दोरीचं टोक सासूबाईंच्या हातात. "सुटली की वाजवा," ह्यांनी सांगितलं. मी म्हटलं, सुटली की दोरीही सुटेल, वाजवणार काय? तेव्हा कुठे ह्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की आरसे पाहिजेत. दोन. चांगले मोठे, बाहेर काढलेले. ते बसेपर्यंत वस्तीकडे जाणाऱ्या उसातल्या अरुंद बोळात घुसायचं नाही.

कऱ्हाडला गाड्यांच्या सामानाचं दुकान सापडलं. दुकानदार पान लावत बसला होता. ह्यांनी त्याला सगळं समजावलं. त्याने पान तोंडात घातलं, नीट चावलं आणि विचारलं, "मागचं बघून काय करायचंय?"

"अहो, मागून कोण येतंय ते कळायला नको?"

"त्यो हारन देतो की. मागल्यानं आपलं बघायचं, आपुन फुडलं बघायचं. सगळ्यांनी मागं बघाया लागलं तर गाड्या फुडं जाणार कशा?"

  बाहेर सात ट्रक उभे होते. मी जाऊन मोजलं, मास्तरणीची सवय. आरसा फक्त तिघांना. एकावर देवाची तसबीर चिकटवलेली. दुसऱ्याला काळे गोंडे इतके बांधलेले की काच शोधावी लागे. तिसरा लख्ख होता, पण तो आत वळवलेला, आणि त्यात बघून ड्रायव्हर दाढी करत होता.

"तुम्हाला मागचं दिसत नाही ह्यात," मी म्हटलं.

"मागचं रोजच बघतुय, ताई," तो म्हणाला, "दाढी आटवड्यातनं एकदाच."

असं म्हणून त्या भल्या माणसाने अर्ध्या फेसाच्या तोंडाने आपला आरसा सोडून दिला, लावून बघा म्हणाला. लावून बघितला. ट्रकचा दांडा ट्रकापुरता. त्यातही ऐनाची फळीच, फक्त आता मोठी दिसली.

त्या रात्री संगमाजवळ मुक्काम केला. त्याच ड्रायव्हरने आपल्या चुलीवरची भाकरी आणि ठेचा आम्हाला दिला. ठेच्याचा पहिला घास खाल्ला आणि माझ्या कानातून वाफ निघाली. मी नारळ मागितला, आमच्याकडे तिखटावर ओला नारळ खातात. ते सगळे ड्रायव्हर माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी हत्ती मागितला. "तेल घ्या की वर," म्हणाले. कच्चं शेंगदाण्याचं तेल, भाकरीवर! पण खरं सांगते, त्याने तिखट उतरलं आणि मी अडीच भाकऱ्या खाल्ल्या.

ह्यांच्याशी मी बोलत नव्हते. सासूबाईंना भाकरी चुरून देताना विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"सांगून काय झालं असतं?" त्या म्हणाल्या. "तू माझं करताना रोज तुझ्या मनात आलं असतं. मग मला घास गेला असता व्हय?"

मी भाकरी चुरत राहिले. मग त्याच म्हणाल्या, "त्यानं निसतं एकदा बघावं माझ्याकडं. मग काय बी हू दे." सत्तरीची बाई, पण एखाद्या पोरीने जत्रेत नेण्याचा हट्ट धरावा तशी बोलली. आरसे मिळोत न मिळोत, मामांनी हिच्याकडे बघितलंच पाहिजे, असं मी तिथे ठरवलं. ठरवलं खरं, पण कसं ते कुणाला ठाऊक होतं?

सांगली

आरसे सांगलीला मिळतील असं त्या ड्रायव्हरने सांगितलं, आणि सांगलीला जायचं तर वाट आष्ट्यावरून. म्हणजे माहेरावरून पुढे जायचं! वस्तीचा फाटा आला आणि घंटा वाजू लागली. फाटा गेला तरी वाजत राहिली. पाच मैल आमच्या डोक्याशी बैलघंटा वाजतेय, रस्त्यावरची माणसं वाट देतायत आणि देऊळ चाललंय की काय म्हणून हात जोडतायत. ह्यांनी गाडी थांबवली. मी मागे गेले.

"आई, आरसे घेऊन परत येऊ. बोळ अरुंद आहे."

"बोळ माझ्या बापाचा हाय. मला ठावं हाय किती रुंद हाय त्यो."

"पण ह्यांना नाही ना ठाऊक."

"आजोळ हाय त्याचं!" असं म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

सांगलीत शिरलं की आधी हळदीचा वास येतो. हवाच पिवळी वाटते. बाजाराच्या मागे एका बोळात यल्लाप्पा मिस्त्री म्हणून एक म्हातारा काचा कापायचा आणि लोखंडही जोडायचा. मूळचा कर्नाटकातला. रागावला की कानडीत बोलायचा, आणि आम्ही होतो तितका वेळ बहुतेक कानडीतच बोलला. आजवर कोणी विचारला नव्हता तो प्रश्न त्याने विचारला. "कोन बघनार? काय बघनार?"

ह्यांनी सांगितलं, मी बघणार, मागचा रस्ता बघणार.

"मग बस जागेवर. हलू नको."

त्याने जमिनीवर खडूने रेघा मारल्या. मला मागे नेऊन एका रेघेवर उभं केलं. हे स्टिअरिंगवर. मिस्त्रीने बांबूला आरसा बांधून तो बाहेर धरला. इकडे, तिकडे, वर, खाली. "आता दिसती का बाई?" "नाही." "आता?" "पदर दिसला." असं तासभर. येणारे-जाणारे थांबले. घाटावर एक बघितलं, रस्त्यात काही काम निघालं की लोक आपलंच समजतात. एकाने ह्यांच्या मांडीखाली पोतं घातलं, उंच व्हा म्हणाला. दुसऱ्याने मला दोन पावलं मागे घेतलं. तिसऱ्याने भडंगाची पुडी आणून दिली. चुरमुऱ्याला लसूण आणि तिखट लावलेलं ते खमंग प्रकरण खात मी रेघेवर उभी.

मग काचेवरून आमची जुंपली. सपाट काचेत खरं दिसतं पण थोडं दिसतं. फुगीर काचेत सगळा रस्ता मावतो पण सगळं बारीक होतं. हे म्हणाले, दोन्ही सपाट. मी म्हटलं, दोन्ही फुगीर, माझी सासू पुन्हा सांडायची नाही मला. मिस्त्री दोघांवर खेकसला. उजवीकडे सपाट, डावीकडे फुगीर, असा त्याने निकाल दिला. डावी बाजू ड्रायव्हरपासून लांब, तिथे पसारा दिसला पाहिजे. त्याने फुगीर काच धरली आणि ह्यांना विचारलं, "बाई किती लांब हाय?"

"पन्नास फूट."

"वळून बघ."

हे वळले. मी पंधरा फुटांवर भडंग खात होते. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"ही काच खोटं दाखवत न्हाई," मिस्त्री म्हणाला, "पन जवळचं मानूस लांब दाखवती. हिच्यात कोन बी दिसलं की समजायचं, ते अगदी जवळच हाय."

दुसऱ्या दिवशी जुन्या पाइपांचे लांब दांडे जोडून आरसे बसले. हत्तीच्या कानांसारखे बाहेर. ह्यांनी गाडी सुरू केली, उजव्या आरशात बघितलं आणि केवढ्याने ओरडले, "आई! डोकं आत घे!" सासूबाई उजव्या खिडकीतून उशीवर रेलून बाहेर डोकं काढून हळदीचा बाजार बघत होत्या. म्हणजे कालपासून, कदाचित चिपळूणपासून, ही बाई रोज डोकं बाहेर काढत होती आणि बाजूने एस.टी. जात होत्या! 

आणि त्यांना? त्यांना आनंद. "आरं, मला बी तुझं तोंड दिसतंय की! म्हंजी मागनं बी कळतंय तू रागावलायस ते!" मग परतीचा सगळा रस्ता मायलेक आरशातून एकमेकांना हातवारे करत आले.

वस्तीवर

बोळात दोन्ही बाजूंचा ऊस आरशांना घासत होता. ह्यांनी आरशात बघत बघत खोली अशी आणली की एक पान मोडलं नाही, हे कबूल करायला पाहिजे. पुढे अंगण, लिंबाचं झाड, बैठं घर. आणि लिंबाखाली एक म्हातारा आमच्याकडे पाठ करून ताठ बसलेला. आम्ही येतोय असं पत्र टाकलं होतं, आवाज ऐकूनच त्याने तोंड फिरवलं असणार. एवढी मोठी खोली दारात येते आणि माणूस पाठ फिरवून बसतो! मला वाटलं होतं ह्या सगळ्या बोलायच्या गोष्टी. पाठ बघितली आणि समजलं की नाही, खरंच आहे हे.

घरातून एक बाई पदराला हात पुसत आली. उंच, ठसठशीत, हसरी. दिवाळीला माहेरी आलेली. ह्यांना बघून म्हणाली, "आलासा? मी हिरा."

हिरा! म्हणजे मामांची मुलगी. म्हणजे तीच!  हे तर आरशाच्या दांड्याचा नट तपासायला लागले. आणि तिने सरळ माझा हात धरला. "तुमीच व्हय? आवं, घाबरतासा कशाला? मी लय सुखात हाय." मग आरशांकडे बघून विचारलं, "हे काय?" मी सांगितलं, तीन दिवस झाले, दोन गावं हिंडून निवडलेत. ती पोट धरून हसली. "दोन आरशांना तीन दिवस? मग मला बघाया आला असता तर पसंत करंपतोर मी म्हातारी झाली असती! सुटले गं बाई."

बावीस वर्षांपूर्वी ज्या मुलीचं ठरलेलं लग्न माझ्यामुळे मोडलं असं मला दोन दिवसांपूर्वी कळलं होतं, ती मला टाळी देत होती.

"नाना," तिने हाक मारली, "आत्या आलीया." पाठ हलली नाही.

सासूबाईंची खाट घरात न्यायची तर खोलीचं दार घराच्या दाराला लावायला हवं. म्हणजे खोली उलटी मागे घ्यायची. इथे आमच्या फोरमनसाहेबांची विद्या संपली. खोली मागे न्यायची असेल तर स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, हे ह्यांना ऐकून ठाऊक, हाताला ठाऊक नाही. एकदा खोली गोठ्याकडे गेली. एकदा लिंबाकडे. एकदा मधेच वाकून गाडीलाच धडकू बघत होती. आत सासूबाई "आई गं" करतायत, घंटा वाजतेय, म्हशी दावं तोडतायत.

"उलटं मार!" पाठीने आरोळी दिली. "अरं उलटं! आवाजानं कळतंय मला. डावं मार! थांब!"

ह्यांनी आणखी जोरात चुकीचं मारलं. खोलीचा कोपरा तुळशीवृंदावनाला लागता लागता राहिला. मामा ताडकन उठले. डोक्यावरचं उपरणं ओढून खोलीच्या बाजूने आडोसा केला, मान वळवून भिंतीकडे बघत तिरके तिरके चालत आले, आणि ह्यांचं बखोट धरून त्यांना खाली उतरवलं. "मिल्ट्रीत असता तर दगड फोडाया लावला असता तुला." आणि स्वतः चढून बसले. उपरणं मांडीवर ठेवलं. गिअर टाकला. सवयीने मान उजव्या आरशाकडे गेली.

आणि तिथेच थांबली.

मी उजव्या बाजूलाच उभी होते. आरशात मला मामांचे डोळे दिसत होते, आणि मागे खिडकीतून सासूबाई उशीवर रेलून बाहेर डोकं काढून बघत होत्या.  इंजिन तेवढं घरघरत होतं. सासूबाईंच्या सगळ्या सुरकुत्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या, न जाणो तेवढ्यात तो नजर काढून घ्यायचा. म्हातारा पापणी हलवीना. 

"आक्का," मामा शेवटी म्हणाले, "डोकं आत घे. पत्रा लागंल."

सासूबाईंनी डोकं आत घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाचं असं मुकाट्याने ऐकलं असेल. मामांनी खोली मागे घेतली. एका दमात, सरळ, दाराला दार भिडवून.

हिरा हसत पुढे आली. "नाना, बघितलंसा की."

"आरशात बघितलं," मामा घुश्शात म्हणाले. "आरशातल्याला बघणं म्हणत न्हाईत."

मी आपली हळूहळू सरकत गाडीच्या पुढून डाव्या बाजूला गेले होते. मला तिथे नको होतं व्हायला. ज्यांच्यामुळे झालं त्यांनी अशा वेळी लांब राहावं असं वाटलं. खोलीच्या कोपऱ्याशी, पदर डोक्यावर ओढून, मी उभी राहिले. मामांची मान डावीकडे वळली. फुगीर काचेत त्यांनी बराच वेळ बघितलं.

"त्या तकडं बारीक कोण दिसतंय? हीच व्हय ती?"

"होय, मीच," मी म्हटलं. 

"एवढ्या लांब कशाला उभी हायस? का ह्या काचंतच लांब दिसतीस?"

"काचेतच," मी म्हटलं. "मी जवळच आहे, मामा."

"मग ये की फुडं. तुझं तोंड न बघायची काय आण घेतली न्हाई म्या."

मी पुढे गेले. गाडीच्या दाराशी उभी राहिले. मामांनी आरसा सोडून सरळ माझ्याकडे बघितलं, आणि मी वाकून नमस्कार केला तेव्हा डोक्यावर हात ठेवला. जड, तेलकट, गाडीवानाचा हात. मला रडू आवरेना. मग ते खाली उतरले आणि खेकसायला लागले, खाट उचलायला कोण कोण आहे, डोक्याकडून कोण धरणार.

ह्यांनी खाटेचे स्क्रू सोडवले. डोक्याकडून आमचे हे आणि मी. पायाकडून हिरा पुढे झाली, तिला त्यांनी बाजूला केलं. "मी धरतो."

दार अरुंद. पायाकडून धरणाऱ्याला पाठमोरं, उलटं चालत घरात शिरावं लागणार होतं, आणि तसं चालणाऱ्याचं तोंड खाटेवरच्या माणसाकडेच राहतं. इतकी वर्षं लष्करात काढलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं असं कोणी मला सांगू नये. ते उलटं चालू लागले. उपरणं मघाशीच गाडीत राहिलं होतं.

"नाना, मागं उंबरा हाय," हिरा ओरडली. "मागं बघा!"

"ठावं हाय," मामा म्हणाले, आणि त्यांनी मागे बघितलं नाही.